सप्ताहाची वही आणि ग्रामपंचायतीची वही

(वाशिम येथे ग्रामविकासाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला आज ज्या विषयावर बोलावयास सांगितले आहे, तो कार्यकर्त्यांच्या वर्गात क्वचितच येतो. राष्ट्र, संस्कृती, संघटन यांविषयी आपण पुष्कळ बोलतो आणि बोललेही पाहिजे. परंतु आपल्या गावाच्या खात्यात गेल्या वर्षी किती रुपये आले, ते कोणत्या कामासाठी आले आणि ते काम कोणी ठरविले, या तीन प्रश्नांची उत्तरे या सभागृहात किती जणांना देता येतील? हात वर करावयास मी सांगत नाही. अनुदान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पुढारी, ठेकेदार आणि फलक येतो, आणि सज्जन माणूस तिथून दोन पावले मागे सरतो. ही मागे सरलेली दोन पावले गावाला फार महाग पडली आहेत.

आपले वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, हे आपण अभिमानाने सांगतो. १९३९ मध्ये येथे एक ताम्रपट सापडला. तो चौथ्या शतकातील राजा दुसरा विंध्यशक्ती याचा. ताम्रपट म्हणजे दानपत्र, आजच्या भाषेत अनुदानाचा आदेशच. राजाने एक गाव दान दिले, त्याच्या अटी, सवलती, कोणी कशाला हात लावावयाचा नाही, हे सारे त्यात कोरले आहे. गंमत अशी की राजाची वंशावळ संस्कृतात आहे, परंतु व्यवहाराचा भाग मात्र प्राकृतात, म्हणजे लोकांना समजणाऱ्या भाषेत आहे. सोळाशे वर्षांपूर्वीच्या लेखनिकाला जे कळत होते, ते आमच्या आजच्या 'तांत्रिक मान्यता', 'बंधित निधी', 'उपयोगिता प्रमाणपत्र' लिहिणाऱ्या लेखनिकाला कळत नाही, असे म्हणण्याचा मोह होतो. असो.

प्रथम आकडे पाहू. १९९३ च्या एप्रिलमध्ये त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामपंचायतीला घटनात्मक स्थान मिळाले. त्यानंतर बराच काळ गावाच्या हाती येणारा पैसा तुटपुंजाच होता. खरा बदल झाला चौदाव्या वित्त आयोगाने. २०१५ ते २०२० या पाच वर्षांसाठी २ लाख कोटींहून अधिक रक्कम थेट ग्रामपंचायतींना देण्याची शिफारस झाली. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना २ लाख ३६ हजार ८०५ कोटी रुपये ठरविले. महाराष्ट्रात त्यातील ८० टक्के ग्रामपंचायतीला आणि १०-१० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला, अशी विभागणी झाली. आता हा डोंगराएवढा आकडा आपल्या अंगणात आणू. देशाची ग्रामीण लोकसंख्या २०११ च्या गणनेप्रमाणे ८३ कोटी. भागाकार केला तर गावाच्या वाट्याला माणशी वर्षाला साडेचारशे रुपयांच्या आसपास येतात. म्हणजे दोन हजार वस्तीच्या गावाला वर्षाकाठी साधारण नऊ लाख. त्यातील ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधलेली, म्हणून 'बंधित'. उरलेले साडेतीन लाख 'अबंधित', गावाने आपल्या गरजेनुसार खर्चावयाचे. हा हिशेब देशाच्या सरासरीचा आहे. प्रत्येक गावाची नेमकी रक्कम थोडी इकडेतिकडे होईल.

साडेतीन लाख ही रक्कम मोठी की लहान? ठेकेदाराच्या दृष्टीने एका गल्लीतील सिमेंट रस्त्याची, फरशीच्या ठोकळ्यांची. गावाच्या दृष्टीने मात्र एका अंगणवाडीचे रूप पालटण्याची, दोन तांड्यांना पाणी पोहोचविण्याची, चार नाल्यांच्या मुखाशी दगडी बांध घालण्याची. रक्कम तीच असते. निर्णय कोण करतो, यावर तिचे मोल ठरते.

आणि निर्णय कोण करतो? कायदा सांगतो, ग्रामसभा. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्यात, त्याआधी महिलांची स्वतंत्र सभा व्हावी. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती. प्रत्यक्षात काय होते, ते आपण सर्व जाणतो. सभेच्या दिवशी वीस-पंचवीस माणसे येतात, गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग त्याच वीस माणसांत दोन हजारांच्या गावाचा आराखडा संमत होतो. यात बेकायदेशीर काही नाही, म्हणून तक्रारही करता येत नाही. गावाने स्वतःहून सोडलेला अधिकार कोणीतरी उचलला, इतकेच झाले.

मला याच गावांचे दुसरे चित्र माहीत आहे आणि आपल्यालाही आहे. आपल्या भागात बहुतेक गावांत अखंड हरिनाम सप्ताह होतो. सात दिवस पहाटेचा काकडा, ज्ञानेश्वरीचे पारायण, हरिपाठ, रात्री कीर्तन आणि शेवटी काल्याचे कीर्तन व महाप्रसाद. त्यासाठी घरटी वर्गणी ठरते. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो एक पायली गहू देतो, कोणी तुरीची डाळ देतो, कोणी ट्रॅक्टर देतो, मजूर कुटुंबातील तरुण वाढपाला उभा राहतो. हजारो माणसे जेवून उठतात, एक पत्रावळ रस्त्यावर दिसत नाही. शेवटच्या दिवशी ध्वनिक्षेपकावरून नावानिशी वर्गणी वाचली जाते. अमुक घरचे ५०१, तमुक घरचे २५१, जमा इतके, खर्च इतका, शिल्लक इतकी, ती देवळाच्या खात्यावर. या हिशेबाला लेखापरीक्षक लागत नाही, कारण सारे गाव लेखापरीक्षक असते.

ज्या गावाला हे जमते, त्याच गावाला ग्रामपंचायतीच्या नऊ लाखांचा हिशेब विचारणे जमत नाही, हे मला कोडे वाटत आले आहे. माझ्या मते उत्तर एवढेच आहे की सप्ताहाचा पैसा आपला वाटतो आणि ग्रामपंचायतीचा पैसा सरकारचा वाटतो. सप्ताहाची वही सर्वांसमोर उघडी असते. ग्रामपंचायतीची वही कपाटात असते आणि अलीकडे 'ई-ग्रामस्वराज' या संकेतस्थळावर असते, जिथे ती कोणालाही पाहता येते, पण पाहतो कोण? आपल्या शाखेतील महाविद्यालयीन तरुणांना मी सुचवीन, की गावाचा त्या वर्षीचा आराखडा आणि खर्च तेथून उतरवून घ्यावा, साध्या मराठीत एका कागदावर लिहावा आणि काल्याच्या दिवशी वर्गणीच्या यादीनंतर तोही वाचून दाखवावा. टीका करू नये, आरोप करू नये. फक्त वाचावे. वाचल्यानंतरचे काम गाव स्वतः करील.

आता एक तात्त्विक प्रश्न. आपल्यापैकी ज्येष्ठ मंडळी मला हमखास विचारतात की सेवाकार्याने सरकारी पैशाला हात का लावावा? स्वावलंबन हेच आपले व्रत नव्हे काय? या प्रश्नामागील काळजी खरी आहे. सरकारी पैसा आला की समाज याचक होतो, ही भीती निराधार नाही. परंतु वित्त आयोगाचा निधी ही देणगी नव्हे. काडेपेटीपासून ट्रॅक्टरपर्यंत प्रत्येक वस्तूवर आपण जो कर भरतो, त्याचा घटनेने ठरवून दिलेला वाटा परत येतो. तो नाकारणे म्हणजे स्वावलंबन नव्हे. तो कसा घ्यावा, एवढाच प्रश्न उरतो.

येथे नानाजी देशमुखांचे स्मरण होते. त्यांचे जन्मगाव कडोळी हिंगोली जिल्ह्यात, आपल्या रिसोड तालुक्याच्या शिवेपलीकडच्या सेनगाव तालुक्यात. सत्तेचे राजकारण त्यांनी साठीच्या उंबरठ्यावर सोडले आणि गोंडा, बीड, चित्रकूट येथे ग्रामविकासाचे काम उभे केले. चित्रकूटच्या परिसरात त्यांनी 'समाजशिल्पी दांपत्य' ही कल्पना राबविली. सुशिक्षित पती-पत्नीने गावात राहावे, गावाचेच होऊन राहावे आणि गावाला आपल्या पायावर उभे राहण्यास साहाय्य करावे. ज्या गावांतील वाद गावातच मिटू लागले, त्यांचे कौतुक तत्कालीन राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांनी २००५ मध्ये चित्रकूटला भेट दिल्यानंतर जाहीरपणे केले. नानाजींनी शासनाच्या योजना अस्पृश्य मानल्या नाहीत. आधी माणसे उभी केली, मग योजना त्यांच्या हाती दिली. हा क्रम उलटा झाला की काय होते, हे पाहावयास लांब जावे लागत नाही.

हाच क्रम २०००-०१ मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात होता. तेव्हाचे ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील आपल्या विचारांचे नव्हते, परंतु त्यांनी एक गोष्ट अचूक ओळखली. पैसा आधी दिला तर काम होईलच असे नाही. काम आधी झाले तर बक्षीस नंतर देता येते. अभियानात आगाऊ अनुदान नव्हते. गावाने श्रमदान करावयाचे, वर्गणी काढावयाची, गटारे साफ करावयाची, आणि मग तपासणी समिती येणार. गावोगाव माणसे हातात खराटा घेऊन रस्त्यावर आली. गाडगेबाबा आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्यांनी लोकवर्गणीतून धर्मशाळा उभारल्या आणि स्वतः कुठल्याही धर्मशाळेत घर केले नाही. त्यांचे नाव या अभियानाला शोभले.

त्या अभियानाची मर्यादाही सांगितली पाहिजे. बक्षीस मिळाले की काही गावांत उत्साह ओसरला, शौचालयांत सरपण आणि कडबा भरला गेला. बक्षिसाने सुरुवात होते, सवय लागत नाही. सवय लागण्यासाठी घराघरांत, विशेषतः गृहिणीच्या मनात, ती गोष्ट रुजावी लागते. २०१५ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील सायखेड्याच्या एका भगिनीने मंगळसूत्र विकून घरी शौचालय बांधले, ही वार्ता राज्यभर गेली. शौचालयासाठी १२ हजारांचे प्रोत्साहन अनुदान तेव्हाही होते. त्या माउलीने अनुदानाची वाट पाहिली नाही. आपण तिचा सत्कार वाचून सद्गदित होतो. परंतु एक प्रश्न मला टोचतो. अनुदान असताना मंगळसूत्र विकण्याची पाळी का यावी? त्या गल्लीत तिच्यासाठी अर्ज लिहिणारा एक कार्यकर्ता असता तर?

२०२५ च्या १७ सप्टेंबरपासून राज्यात मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियान सुरू झाले. त्यात राज्यस्तरावरील पहिल्या ग्रामपंचायतीला ५ कोटींचे बक्षीस ठेवले गेले. गाडगेबाबांच्या नावाचे अभियान सुरू झाले तेव्हाच्या बक्षिसांच्या मानाने हा आकडा कितीतरी मोठा आहे. आकडा मोठा झाला की स्पर्धेत सल्लागार, छायाचित्रकार आणि सजविलेल्या धारिका शिरतात. आपल्या गावांनी यात उतरावे, परंतु बक्षिसाच्या मागे लागून नव्हे.

आता आपल्या जिल्ह्याच्या मातीकडे येतो. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. २०१८ मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तिच्यात महाराष्ट्रातील जे चार जिल्हे आले त्यांत आपण आहोत. 'आकांक्षित' हा मागासचा सभ्य पर्याय आहे, हे कोणाला सांगावयास नको. आपला जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर बसला आहे. पैनगंगा, अडाण, अरुणावती यांचे पाणी गोदावरीच्या खोऱ्यात जाते, काटेपूर्णेचे उत्तरेला पूर्णेतून तापीत. माथ्यावरच्या माणसाला दुसऱ्याचे वाहून आलेले पाणी मिळत नाही. जे पडेल ते अडविणे, एवढेच त्याच्या हाती असते. म्हणून आपल्याकडे लहान कामांचे मोल अधिक.

२०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आली. तिची रचना मला आवडली होती. तलावातून गाळ काढण्याच्या यंत्राचा आणि इंधनाचा खर्च शासन किंवा दाते करणार, गाळ वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याने करावयाचा. अर्धा भार शासनाचा, अर्धा गावाचा. २०२३ मध्ये योजना पुन्हा सुरू झाली तेव्हा अल्प व अत्यल्प भूधारकांना गाळ वाहण्यासाठी एकरी १५ हजार, जास्तीत जास्त साडेसदतीस हजारांचे अनुदान जोडले गेले. ज्याच्याकडे दोन एकर आहेत आणि ट्रॅक्टर नाही, त्याला हे मिळालेच पाहिजे. आधीच्या रचनेत तो बाहेर राहत होता, कारण गाळ नेत होता तो ट्रॅक्टरवाला. परंतु वीस एकरवाल्याने लहान भावाच्या नावावर हा लाभ घ्यावा, हे गावाने चालवून घेऊ नये. असे नाव कोणते, हे तहसील कार्यालयाला कळत नाही, गावाला कळते.

काही कामे अशी आहेत की तेथे पैसा असूनही उपयोग नसतो. पाणंद रस्ता घ्या. काळ्या मातीत पावसाळ्यात बैलगाडी अडते, सोयाबीन शेतातच भिजते, आजारी माणसाला खाटेवर उचलून आणावे लागते. २०२१ मध्ये राज्याने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना आणली. निधीची सोय झाली. तरी अनेक पाणंदी तशाच आहेत, कारण नकाशावर तेहतीस फूट असलेली पाणंद दोन्ही धुऱ्यांकडून खाऊन खाऊन आठ फूट उरली आहे. अतिक्रमण कोणी काढावयाचे? मोजणी लावली तर दोन घरांची बोलाचाली कायमची बंद होते, न्यायालयात गेले तर नातवाच्या काळात निकाल. येथे कामाला येते ती फक्त गावाची पत. पारावर दोन्ही भावकींना बसवून, त्यांच्या आईच्या समक्ष, 'तू तीन फूट सोड, तोही तीन फूट सोडतो' असे म्हणू शकणारा माणूस गावात असावा लागतो. असा माणूस कोणत्याही योजनेत मंजूर होत नाही. तो तयार करणे हेच आपले काम आहे. पूर्वी आपल्याकडे इर्जिक होती. ज्याच्याकडे बैल नाहीत त्याचे शेत सारे गाव एका दिवसात नांगरून देई, तो गोडधोड जेवण घाली. इर्जिकेला शासननिर्णय नव्हता.

यापुढचे बोलणे थोडे कडू आहे. आपण 'गाव' म्हणतो तेव्हा कोणते गाव? आपल्या जिल्ह्यात, विशेषतः मानोरा आणि मंगरूळपीर भागात, बंजारा बांधवांचे कितीतरी तांडे आहेत. पोहरादेवी हे तर देशभरातील बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तेथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु अनेक तांडे स्वतंत्र ग्रामपंचायत नाहीत, मूळ गावाला जोडलेले आहेत. ग्रामसभा मूळ गावात, चावडी मूळ गावात, सरपंच बहुधा मूळ गावातला. निधी मात्र तांड्याची डोकी मोजून येतो. मग तांड्यासाठी वेगळी योजना आहे, दलित वस्तीसाठी वेगळी योजना आहे, असे म्हणून गावाचा अबंधित पैसा गावठाणातच खर्च होतो. वस्तीला तिच्या योजनेचा पैसा आला तर आला. अशाने वस्तीसाठी असलेली जादा तरतूद ही जादा राहत नाही, ती तिच्या हक्काच्या वाट्याची भरपाई होऊन बसते. समरसतेच्या बैठकीत सहभोजन करणे सोपे आहे. साडेतीन लाखांपैकी पहिला लाख तांड्याच्या पाण्याला द्यावा, असे ग्रामसभेत उभे राहून आपल्याच भाऊबंदांसमोर म्हणणे कठीण आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीता लिहिली ती वाचून ठेवण्यासाठी नव्हे. माझी अपेक्षा आहे की हे वाक्य ग्रामसभेत उच्चारणारा पहिला माणूस आपला कार्यकर्ता असावा.

वाशिम, कारंजा, रिसोड येथील शहरी कुटुंबेही आज येथे आहेत. त्यांना वाटेल, हे सारे खेड्याचे. शहराची स्थिती एका अर्थाने अधिक बिकट आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या बंधनकारक केल्या त्या तीन लाख किंवा अधिक लोकवस्तीच्या शहरांना. आपले वाशिम २०११ मध्ये ऐंशी हजारांच्याही आत. म्हणजे खेड्यातल्या शेतमजुराला ग्रामसभेत उभे राहून विचारण्याचा जो हक्क आहे, तो वाशिमच्या प्राध्यापकाला, डॉक्टरला त्याच्या गल्लीसाठी सहजी मिळत नाही. पुणे महापालिकेने २००६ च्या सुमारास नागरिकांकडून प्रभागातील लहान कामे मागविण्याची पद्धत सुरू केली. पदपथ, बाक, दिवे अशी कामे नागरिक सुचवितात आणि त्यांसाठी अंदाजपत्रकात तरतूद होते. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे या शहराने १९८९ पासून असा प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. आपल्या नगर परिषदांकडे अशी मागणी करण्यास कोणताही कायदा आडवा येत नाही. ले-आउटमधील खुली जागा पडीक ठेवायची, तेथे कचरा टाकायचा आणि सायंकाळी नगर परिषदेला नावे ठेवायची, हा मध्यमवर्गाचा छंद झाला आहे. एका गल्लीतील वीस घरांनी महिना शंभर रुपये काढले तर वर्षाला २४ हजार होतात. ते हातात घेऊन गेलेल्या शिष्टमंडळाशी मुख्याधिकारी वेगळ्या स्वरात बोलतो, हा अनुभव घेऊन पाहावा.

शेवटी, निवडणुकांविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. वित्त आयोगाचा निधी निवडून आलेल्या संस्थांनाच मिळतो, अशी अट आहे. जिथे प्रशासक बसतो तिथला वाटा अडतो. जानेवारी २०२० मध्ये निवडून आलेल्या आपल्या जिल्हा परिषदेची मुदत जानेवारी २०२५ मध्ये संपली आणि प्रशासक आले. राज्यातील कितीतरी संस्थांवर त्याआधीपासूनच प्रशासक होते. निवडणूक लांबली की कोणता पक्ष फायद्यात, याची चर्चा आपण चहाच्या दुकानात करतो. निवडणूक लांबल्याने आपल्या तालुक्याचे किती रुपये दिल्लीत थांबले, ही चर्चा कोणी करीत नाही. ती आपण सुरू करू.

वर्षाचा आराखडा ऑक्टोबरपासून आकाराला येतो. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय नोंदला गेला नाही तर पुढचे वर्ष गेले, असे समजावे. म्हणून त्याआधी प्रत्येक गावात पाच घरांची, त्यात किमान दोन भगिनी आणि एक घर तांड्याचे किंवा वस्तीचे, अशी एक बैठक व्हावी. तिने तीन कामे निवडावीत. एक असे की ज्याला पैसा लागत नाही, एक असे की ज्याचा निम्मा भार वर्गणीने आणि श्रमदानाने उचलता येईल, आणि एक असे की जे अनुदानाशिवाय होणार नाही. पहिले काम ग्रामसभेपूर्वी संपवावे. दुसऱ्याची वर्गणी गोळा करून तिची यादी घेऊन सभेत जावे. तिसऱ्यासाठी अर्ज लेखी द्यावा आणि ठरावाच्या नोंदवहीत तो शब्दशः उतरला आहे ना, हे सही करण्यापूर्वी वाचून पाहावे. ग्रामपंचायत अधिकारी आपला शत्रू नाही. एकेका माणसाकडे दोन-दोन गावे असतात, त्याला मदत केली तर तो आनंदाने करतो.

अर्जाचे नमुने आणि गावाचा आराखडा संकेतस्थळावर कसा पाहावा याची माहिती असलेली एक पानी पत्रके बाहेर मेजावर ठेवली आहेत. तालुक्यानुसार गठ्ठे केले आहेत. मानोऱ्याच्या मंडळींनी दोन गठ्ठे न्यावेत, तांड्यांसाठी वेगळा.